बोट लागते तेव्हा

लशीच्या कुपीवर एक जांभळट वर्तुळ छापलेलं असतं आणि त्याच्या पोटात एक फिकट चौकोन. करंगळीच्या नखाहून लहान अशी ही खूण. टोचून घेणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष जात नाही, त्याचा सगळा जीव सुईकडे लागलेला असतो. पण बेटांवर लस घेऊन जाणारी सिस्टर दिवसभरात सुईपेक्षा या चौकोनाकडेच जास्त वेळा बघते. कुपीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि एकदा तो वर्तुळाच्या रंगाला येऊन मिळाला की ती कुपी टाकून द्यायची. त्यात काही घासाघीस चालत नाही.

डबा भरण्याचंही एक तंत्र आहे. फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक तसेच आत कोंबायचे नसतात. ते आधी ओट्यावर मांडायचे, त्यांच्या अंगावर पाणी सुटू द्यायचं, मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला की पॅक तयार. पोलिओच्या थेंबांना उष्णता सोसत नाही आणि पेंटाव्हॅलंटच्या कुपीला गोठणं सोसत नाही. एकीचा जीव उन्हाने जातो, दुसरीचा बर्फाने, आणि दोघींना एकाच निळ्या डब्यात दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान न्यायचं असतं. शहरात हा डबा रिक्षातून जातो आणि तासाभरात रिकामा होतो. बेटावर तो मांडीवर घेऊन डोंगीत बसावं लागतं. डोंगीचं इंजिन कधी पहिल्या दोरीला चालू होतं, कधी दहाव्या. भरती-ओहोटी आपल्या वेळेने चालते. लाटेचं पाणी डब्याच्या झाकणावर उडतं तेव्हा सिस्टर आधी पदराने झाकण पुसते, मग तोंड.

मराठी माणसाच्या मनातलं अंदमान म्हणजे काळं पाणी. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी रॉस बेट, तिसऱ्या दिवशी हॅवलॉकची पांढरी वाळू. सहलीच्या पत्रकात एवढंच मावतं. (रॉस आणि हॅवलॉकची नावं बदलली, पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण बोटींवर अजून जुनीच नावं ऐकू येतात.) मोजून पाहिलं तर या द्वीपसमूहात बेटं, बेटुकली आणि खडक मिळून आठशेच्या वर भरतात, माणसं राहतात ती तीसेक. आरोग्य खात्याच्या हिशेबात आदिवासी आणि डोंगरी भागात ३००० लोकांमागे एक उपकेंद्र असावं असं ठरलेलं आहे. हा आकडा जमिनीवर बसून काढलेला. समुद्रात ३००० माणसं शोधायची तर चार-पाच बेटं पालथी घालावी लागतील, आणि दुसरीकडे शंभरेक माणसांची एकच वस्ती असते जिच्यासाठी एक सिस्टर हवीच हवी.

अशी एक वस्ती म्हणजे डुगाँग क्रीक. पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला लिटल अंदमान नावाचं बेट आहे. जहाज हट बेच्या धक्क्याला लागण्याआधी बहुतेक प्रवाशांना बोट लागलेली असते. तिथून पुन्हा उत्तरेला, बेटाच्या ईशान्य टोकाला जायचं, जिथे ओंगे ही आदिवासी जमात राहते. १९०१ च्या जनगणनेत ओंगे साडेसहाशेच्या वर होते. या शतकाच्या सुरुवातीला ते शंभराच्या आत आले होते. शांती तेरेसा लाकरा नावाची एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, या वस्तीवर नेमली गेली तेव्हा तिथली परिस्थिती ही होती.

लाकरा मध्य अंदमानातल्या रंगतच्या, ओरांव समाजातल्या. छोटा नागपूरमधून मजूर म्हणून अंदमानात आणलेल्या लोकांना तिथे सरसकट रांचीवाले म्हणतात. १९१८ पासून त्यांच्या तुकड्या जंगल तोडायला आणि रस्ते बांधायला येत राहिल्या. म्हणजे बेटावर आलेल्यांच्याच घरातली मुलगी, बेटावर आधीपासून असलेल्यांची शुश्रूषा करायला गेली. या बेटांच्या इतिहासात येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवणारे पुष्कळ झाले: गव्हर्नर, मानववंशशास्त्रज्ञ, वनाधिकारी, फोटोग्राफर. बहुतेक जण आले त्याच बोटीने संध्याकाळी परतले. परतीची बोट निघून गेल्यावरही वस्तीवर राहणाऱ्या बाहेरच्या माणसांची यादी करायला बसलं तर ती फार लवकर संपते, आणि तीत कुठल्या ना कुठल्या सिस्टरचं नाव असतं.

२६ डिसेंबर २००४ ला समुद्र मागे हटला तेव्हा ओंगे किनाऱ्यावर मासे वेचत बसले नाहीत. पाणी असं मागे जातं तेव्हा उंचावर जायचं असतं हे त्यांना कोणी शाळेत शिकवलेलं नव्हतं. वस्ती मोडून पडली, माणसं सगळीच्या सगळी वाचली. मग ते आत जंगलात राहू लागले, आणि सिस्टरही मागोमाग गेली. ताडपत्रीखाली संसार, चिखलातून मैलोगणती पायपीट, औषधांची पेटी डोक्यावर. पुढे २०१० मध्ये लाकरांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. राष्ट्रपती भवनाच्या दरबारात त्या दिवशी बड्या बड्या डॉक्टरांच्या, कलावंतांच्या रांगेत एक एएनएम होती. आपल्याकडे एएनएम म्हटलं की लोकांना गोळ्या वाटणारी बाई आठवते. त्या रांगेने हे थोडं तरी बदललं असेल अशी आशा करायला हरकत नाही.

ओंग्यांच्या लेखी आजार हे प्रकरण वासाचं आहे. माणसाच्या अंगात वास असतो, तोच त्याचा जीव. तो फार सांडला तरी आजार, फार साचला तरी आजार. म्हणून अंगाला माती लावायची. पांढरी माती थंडावा आणते आणि वास आवरून धरते, लाल माती ऊब देते आणि वास मोकळा करते. विश्वजित पंड्या या अभ्यासकाने ओंग्यांसोबत राहून हे बारकाईने लिहून ठेवलं आहे. सकाळी उठल्यावर बायका नवऱ्याच्या आणि मुलांच्या तोंडावर बोटांनी, काडीने मातीच्या रेघा ओढतात. त्या रेघांमध्ये सौंदर्य आहे, नातं आहे आणि औषधही.

आता अशा घरात सिस्टर थर्मामीटर घेऊन शिरते. तीही विचारते, अंग गरम आहे का, थंडी वाजते का. तापलेल्या अंगावर तीही थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवते. कपाळावरची पांढरी माती पुसून तिथे ओलं फडकं ठेवायचं, की मातीच्या बाजूला जागा शोधायची, हे तिला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नसतं. शहाणी सिस्टर माती पुसत नाही. काखेत थर्मामीटर लावायला कपाळ लागतच नाही. आणि तिच्या स्वतःच्या वासाचं काय? स्पिरिट, सॅव्हलॉन, साबण, डोक्याचं खोबरेल, ओल्या छत्रीचा कुबट दर्प. जिथे वासावरून माणसाची तब्येत ओळखतात तिथे ही बाई झोपडीत वाकून आत येण्याआधीच तिचं सगळं चरित्र आत पोहोचलेलं असणार.

बाहेरच्यांबरोबर बेटावर वासाहूनही जास्त काही येतं. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये सेंट किल्डा नावाची बेटं आहेत. उभे कडे, वाऱ्याने झोडपलेलं गवत आणि लाखो समुद्रपक्षी. हिर्टा या त्यातल्या मोठ्या बेटावर शतकानुशतकं माणसं राहिली, पक्ष्यांच्या मांसावर, अंड्यांवर आणि तेलावर जगली. तिथे एक चमत्कारिक गोष्ट घडायची: बाहेरची बोट लागली की काही दिवसांत सगळं बेट शिंकू लागायचं. लहान-थोर सगळे. १६९७ मध्ये तिथे गेलेल्या मार्टिन मार्टिनने हे लिहिलं, पुढे एका पाद्र्यानेही लिहिलं, आणि लंडनच्या डॉ. जॉन्सनने त्याला दाद दिली ती एवढी अविश्वसनीय गोष्ट छापण्याच्या धैर्याबद्दल. बेटावरच्यांना मात्र त्यात अविश्वसनीय काही वाटत नव्हतं. ते त्याला बोटीचं पडसं म्हणत. आज कोणीही डॉक्टर कारण सांगेल: इतक्या थोड्या माणसांत पडशाचा विषाणू फार दिवस तग धरत नाही, संपून जातो; पुढच्या बोटीने नवा येतो तेव्हा त्याला अडवायला कुणाच्याच अंगात बळ नसतं.

पडशावर भागलं तर ठीक. १७२७ मध्ये तिथे देवी आल्या. हॅरिस बेटावर मेलेल्या एकाच्या कपड्यांतून आल्या असं सांगतात. त्याच ऑगस्टमध्ये तीन पुरुष आणि आठ मुलगे पक्षी धरण्यासाठी शेजारच्या स्टॅक ॲन आर्मिन या सुळक्यावर उतरले होते. त्यांना आणायला बोट यायची होती. ती आलीच नाही, कारण गावात बोट हाकायला धडधाकट माणसं उरली नव्हती. अकरा जणांनी त्या खडकावर पुढच्या मेपर्यंत हिवाळा काढला आणि अकराही जगले. मागे राहिलेलं गाव जवळजवळ रिकामं झालं होतं. बोट न येण्यामुळे जीव वाचल्याची अशी उदाहरणं इतिहासात फारशी नसतील.

सेंट किल्ड्याचं दुसरं दुखणं जास्त करुण होतं, आणि ते मराठी घराला ओळखीचं वाटेल. जन्मलेलं मूल तीन-चार दिवस नीट दूध ओढायचं, मग जबडा आवळून धरायचं, अंग ताठ व्हायचं, आणि आठवड्याच्या आसपास जायचं. एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षं जन्मलेल्यांतली निम्म्याहून जास्त मुलं अशी गेली. आठव्या दिवसाचा आजार असं त्याचं नावच पडलं होतं. आपल्याकडे पाचवी पुजतात, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर भविष्य लिहिते म्हणतात, त्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत दिवा विझू देत नाहीत, आणि नाव ठेवायला बाराव्या दिवसापर्यंत थांबतात. सटवाईच्या लेखणीची एवढी धास्ती का, याचं एक उत्तर धनुर्वाताच्या वेळापत्रकात असावं. नाळ कापताना शिरलेले जंतू साधारण याच दिवसांत आपलं रूप दाखवतात. रात्रभर दिवा ठेवून बसलेल्या आजीला जंतू माहीत नव्हते, दिवस मात्र बरोबर माहीत होते.

सेंट किल्ड्यावर नाळेला फुल्मार पक्ष्याचं तेल लावत असत आणि तोच या मृत्यूंमागचा गुन्हेगार, असा एक तर्क आहे. तो सगळ्यांना मान्य नाही. आपल्याकडे हळद लावत, राख लावत, कुठे शेणही. अँगस फिडेस नावाचे पाद्री बेटावर होते. ते ग्लासगोला जाऊन निर्जंतुक बाळंतपण कसं करायचं ते शिकून आले. सुईणींना ते सहजी पटलं नाही, आणि का पटावं? पाद्र्याने बाळंतिणीच्या खोलीत डोकावणं हे कुठल्याही गावात आचरटपणातच जमा होईल. पण १८९० च्या दशकात मुलं जगू लागली. आज आपल्या सिस्टरच्या तोंडी पाठ असलेल्या पाच स्वच्छतांमध्ये हाच धडा आहे: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ, आणि कापलेल्या नाळेवर काहीही न लावणं. पाचवी गोष्ट सर्वांत अवघड, कारण तिच्यात काही करायचं नसतं. आजीला काहीतरी लावल्याशिवाय चैन पडत नाही. गर्भवतीला धनुर्वाताचं इंजेक्शन आणि या पाच गोष्टी, एवढ्या शिदोरीवर देशभरच्या एएनएम वाड्यावस्त्यांवर फिरल्या, आणि २०१५ मध्ये माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वातातून भारत मुक्त झाल्याचं जाहीर झालं. बातमी आतल्या पानावर आली असेल, नसेलही.

छोट्या बेटावरच्या सिस्टरला सुटी अशी नसतेच. ती रेशनच्या रांगेत उभी असते तेव्हा पुढची बाई वळून बाही वर करते आणि पुरळ दाखवते. भाजीवाली वजन करता करता खोकून दाखवते. धक्क्यावर बोटीची वाट बघणारा म्हातारा खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढतो, साखर किती आली ते वाचून सांगा म्हणतो. शहरात रुग्ण दवाखान्याच्या दारातून बाहेर पडला की परका होतो. इथे त्याची बायको सिस्टरच्या शेजारणीची नणंद असते. त्यामुळे गुपित राखणं हे तिच्या कामाचं निम्मं अंग. नव्या सुनेच्या घरी सिस्टर आठवड्यात दोनदा गेली तर तिसऱ्या दिवशी बेटभर पेढ्यांची चौकशी सुरू होते. मग ती एका घरात गोळ्या द्यायच्या असतील तर आळीतल्या चार घरांत बसते, चार ठिकाणी चहा घेते, सगळीकडे तीच पिशवी उघडते. चार कप चहा रिचवण्याची ताकद हीदेखील पात्रता आहे; जाहिरातीत ती लिहीत नाहीत एवढंच.

खरी कसोटी वेगळीच असते. गर्भवतीच्या पायांवर सूज आहे, डोकं दुखतंय, रक्तदाब चढलाय. पुण्यात किंवा सांगलीत सिस्टर दुसरा विचार न करता गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात पाठवेल. बेटावर पाठवायचं म्हणजे आधी बोट आहे का ते बघायचं, मग बोटीत डिझेल आहे का, मग समुद्र कसा आहे, मग हेलिकॉप्टरसाठी फोन, आणि फोनसाठी रेंज. दुपारचे चार वाजलेले असतील तर आणखी एक प्रश्न, कारण अंधार पडल्यावर हेलिकॉप्टरचा भरवसा नाही. मेपासून डिसेंबरपर्यंत दोन-दोन पावसाळे, त्यात ढग कधी उतरतील याचा नेम नाही. उद्या सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का, हे विचारायला शेजारच्या खोलीत डॉक्टर नसतात. हातातलं यंत्र पुन्हा एकदा दंडाला बांधायचं, पुन्हा पारा बघायचा, आणि काय ते ठरवायचं.

यात वैद्यकाबाहेरचाही हिशेब असतो. जंगलातून उचलून आणलेल्या माणसाला पोर्ट ब्लेअरच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात लोखंडी खाटेवर निजवतात. वर पंखा फिरत असतो, ताटात डाळभात येतो, रात्री दिवे मालवत नाहीत. बरा होऊन परतला तर ठीक. तिथेच गेला, तर पुढच्या वेळी त्या वस्तीतून कोणी बोटीत पाय ठेवणार नाही. गरज नसताना पाठवलं तरी तेच. म्हणजे सिस्टर एका रुग्णाला पाठवते तेव्हा नंतरच्या दहा जणांचंही ठरवत असते. आणि ती ज्या वस्तीत राहते तिथे तिला उद्या सकाळी पाणी भरायला सगळ्यांच्या समोरून जायचं असतं.

दवाखान्याच्या खाटेचा सगळ्यांत विलक्षण किस्सा एनमेईचा. हा अंदमानच्या जारवा या आदिवासी जमातीतला मुलगा. मध्य अंदमानातल्या कदमतल्याजवळ १९९६ मध्ये तो पाय मोडून पडलेला सापडला. त्याआधी जारवा बाहेरच्यांना बहुतेकदा बाणांनीच उत्तर देत. एनमेईला पोर्ट ब्लेअरला नेलं, पायाला प्लास्टर घातलं, महिनोन्‌महिने ठेवून घेतलं. तिथे तो टीव्ही बघायला शिकला, थोडी हिंदी शिकला, परिचारिकांचा लाडका झाला, आणि हाड जुळल्यावर त्याला जंगलात सोडून आले. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये जारवा स्वतःहून, हत्यारं न घेता, वस्त्यांकडे येऊ लागले. सगळ्यांच्या पुढे एनमेई असे. त्याने तिकडे जाऊन काय सांगितलं असेल? त्या खाटेवर त्याला जीव लावणाऱ्या परिचारिकांच्या मनात धोरण वगैरे काही नसणार; पोरगं दुखतंय, एवढंच. त्यानंतर दोनच वर्षांत, १९९९ मध्ये, जारवांमध्ये गोवर शिरला. डॉ. रतनचंद्र कर त्या साथीत त्यांच्यावर उपचार करत जंगलात राहिले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोवराने १८७७ मध्ये ग्रेट अंदमानी लोकांचं काय केलं होतं हे तिथल्या जुन्या कागदांत आहे. हजारोंनी असलेली ती जमात १९६१ च्या जनगणनेत १९ वर आली होती. त्या मानाने १९९९ चा गोवर आवरला म्हणायचा.

जुळलेलं हाड आणि गोवर यांचा संबंध लावू नये असं वाटतं, आणि लागतोच. औषध ज्या वाटेने येतं त्याच वाटेने पडसं येतं, तंबाखू येते, दारू येते. २००८ च्या डिसेंबरमध्ये डुगाँग क्रीकच्या किनाऱ्याला एक कॅन वाहत आला. आत दारू असेल असं समजून ओंगे पुरुष प्यायले. आठ जण मेले. शंभरातले आठ. त्सुनामीच्या लाटेतून एकूण एक वाचलेल्या वस्तीतली ही माणसं चार वर्षांनी एका प्लॅस्टिकच्या कॅनने मारली.

स्कॉटलंडमध्ये सरकारने बेटांच्या आरोग्याकडे जरा लवकर पाहिलं. व्हिस्कीच्या प्रसिद्ध घराण्यातले सर जॉन ड्यूअर यांच्या समितीने १९१२ मध्ये अहवाल दिला, आणि १९१३ मध्ये हायलँड आणि बेटांसाठी सरकारी खर्चाची आरोग्यसेवा उभी राहिली. उरलेल्या ब्रिटनला त्यासाठी १९४८ पर्यंत थांबावं लागलं. त्या सेवेचा कणा होत्या सायकलवरून, होडीतून, पायी फिरणाऱ्या परिचारिका. सेंट किल्ड्यावरच्या शेवटच्या परिचारिकेचं नाव विल्यमिना बार्कले. ती तिथे पोहोचली तोवर बेटावरचे तरुण निघून चालले होते. उरलेल्यांत म्हातारे, विधवा आणि थोडी मुलं. १९३० च्या हिवाळ्यात एका गर्भवतीला आजारपणात ग्लासगोला हलवावं लागलं, आणि ती परतली नाही. बार्कले घरोघर बसून बोलत राहिली. मे महिन्यात बेटावरच्यांनी सरकारला अर्ज लिहिला: आम्हाला इथून न्या. २९ ऑगस्ट १९३० ला हेअरबेल नावाच्या नौदलाच्या जहाजात ३६ माणसं चढली. निघण्याआधी प्रत्येक घरात बायबल उघडून ठेवलं होतं, शेजारी ओटची छोटी रास. कुत्री समुद्रात बुडवली होती. पुढे त्यातल्या बऱ्याच जणांना वनखात्यात काम मिळालं. ज्या बेटावर झाड म्हणून उगवत नव्हतं तिथल्या माणसांना!

बार्कलेने बरोबर केलं का, यावर स्कॉटलंडमध्ये अजून बोलतात. तिच्या जागी बसून पाहिलं तर उत्तर इतकं कठीण वाटत नाही. हिवाळ्यात महिनोन्‌महिने बोट नाही, हाताशी चार औषधं, आणि समोर आठवड्यागणिक खंगत जाणारं माणूस. पण तिने जे केलं ते डुगाँग क्रीकमध्ये कोणी केलं असतं तर त्याला मदत म्हणता आलं नसतं. सेंट किल्ड्याच्या लोकांनी स्वतः अर्ज लिहिला होता, आणि ते गेले ते आपलीच भाषा बोलणाऱ्या किनाऱ्यावर.

कोरोना आला तेव्हा बोटीच्या पडशाची जुनी गोष्ट एकदम ताजी झाली. २०२० च्या ऑगस्टमध्ये ग्रेट अंदमानी समाजातल्या दहा जणांना लागण झाली. सगळा समाज मिळून पन्नाशीच्या आसपास. तपासणीचं पथक बोटीने स्ट्रेट आयलंडला गेलं, खवळलेल्या समुद्रातून, आणि आधी पथकाचीच तपासणी झालेली होती. त्याच वर्षी नंदुरबार जिल्ह्यात वेगळ्या पाण्यावर वेगळी होडी चालली होती. सरदार सरोवराचं पाणी चढल्यापासून अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या कित्येक पाड्यांना वेढा पडला आहे. डोंगराच्या सोंडा पाण्यात शिरलेल्या, पाडे त्यांच्या टोकांवर. लोक भीतीने अंगणवाडीत यायचे थांबले. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे मासेमारीची होडी घेऊन स्वतः वल्हवत निघाल्या, १८ किलोमीटरचा पल्ला, पोषण आहाराच्या पिशव्या आणि वजनकाटा घेऊन. झाडाच्या फांदीला काटा बांधायचा, झोळीत मूल घालायचं, वजन घ्यायचं, लिहायचं. संध्याकाळी हात दुखत, असं त्यांनी वार्ताहरांना सांगितलं होतं. सिस्टर आणि अंगणवाडी सेविका यांच्या कामाची खाती वेगळी, पण पाण्यापुढे दोघींचा दंड सारखाच भरून येत असणार.

आता ग्रेट निकोबारवर मोठं बंदर, विमानतळ आणि शहर व्हायचं आहे. २०२२ मध्ये पर्यावरण खात्याची परवानगी मिळाली. आज बेटावर आठेक हजार माणसं आहेत, आराखड्यात ती लाखांनी मोजली आहेत. त्याच बेटाच्या जंगलात शोम्पेन आदिवासी राहतात. २०११ च्या जनगणनेत ते २२९ होते. बंदर म्हणजे रोजची बोट. एकेका बोटीत किती शिंका असतील ते कोण मोजणार?

मोजदाद करायला शेवटी एखादी सिस्टरच बसवतील. तिच्यापुढे एक जुना, बारीकसा पेच कायम असतो. पडसं झालेल्याने वस्तीत जायचं नाही, हे ती सगळ्यांना बजावत असते: वायरमनला, सर्वेक्षणाला आलेल्या मुलांना, साहेबांना. आणि ज्या दिवशी तिकडे एका बाईच्या कळा सुरू होतात त्याच दिवशी सकाळपासून तिचं स्वतःचं नाक वाहत असतं. अशा वेळी कोणी मास्कवर मास्क चढवून जाते. कोणी झोपडीच्या बाहेर बसून, आतल्या म्हातारीला हाका मारून मारून सगळं करवून घेते, हात धुतले का, ब्लेड उकळत्या पाण्यातून काढलं का, नाळेला काही लावू नका हो. कोणी फोन करून दुसऱ्या उपकेंद्रातल्या सिस्टरला बोलावते, आणि ती म्हणते, निघते, पण बोट उद्या दुपारची आहे.